पहिल्या खाऱ्या टँकसाठी लाइव्ह रॉक: क्युअर्ड, अनक्युअर्ड की ड्राय?

लाइव्ह रॉकला, म्हणजे समुद्रातून किंवा चालू टँकमधून आलेल्या जिवंत दगडाला, कोरड्या ड्राय रॉकपेक्षा जी जास्तीची किंमत मोजावी लागते, ती त्याच्या छिद्रांत वसलेल्या, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची. दगड म्हणून दोन्ही बहुधा एकच, जुन्या प्रवाळाचा चुनखडी सांगाडा. त्यामुळे या मालाची पारख एकाच प्रश्नावर करावी: टँकमध्ये उतरेपर्यंत त्यातलं किती जिवंत राहिलं?

अनक्युअर्ड रॉक इथेच मार खातो. तो ओल्या कागदात गुंडाळून, खोक्यात भरून येतो. वाटेत त्यावरचे स्पंज, किडे, शेवाळ मरतं आणि पाण्यात टाकल्यावर ते कुजायला लागतं. अमोनिया झपाट्याने चढतो, पाणी गढूळ होतं, कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. तो वेगळ्या टबमध्ये हीटर, पंप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) लावून, अंधारात, वरचेवर पाणी बदलत २ ते ६ आठवडे क्युअर करावा, म्हणजे मेलेलं सगळं कुजून अमोनिया शून्यावर येईपर्यंत ठेवावा लागतो. थेट मुख्य टँकमध्येही हे करता येतं, पण तेव्हा सुटलेला फॉस्फेट तिथल्याच दगडात आणि वाळूत मुरतो आणि पुढे शेवाळाला पुरतो. पहिल्या टँकसाठी हा प्रकार नकोच.

क्युअर्ड रॉक त्या मानाने बिनघोर, पण दुकानातल्या पाटीवर ‘क्युअर्ड’ लिहिलं म्हणून तो क्युअर्ड होत नाही. तुकडा उचलून नाकाशी धरा. समुद्राचा ताजा वास हवा. सडका वास किंवा पांढरी बुळबुळीत साय दिसली तर ठेवून द्या. जांभळी कोरलाइन शेवाळ असेल तर छान, मात्र ती रंगाची शोभा आहे, जिवाणूंची हमी नव्हे. खात्रीचा उपाय असा: एक तुकडा बादलीभर खाऱ्या पाण्यात हीटर आणि लहान पंप लावून २४ ते ४८ तास ठेवायचा आणि अमोनिया तपासायचा. आकडा वर गेला तर क्युअरिंग अर्धवट आहे. नेताना दगड पाण्यात बुडवूनच न्यावा. ओल्या कागदात नेला की क्युअर्ड रॉकही पुन्हा थोडाफार मरतो.

ड्राय रॉकमध्ये कीड नाही, वास नाही, आकार निवांत जुळवता येतो. पण सायकल, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टँकमध्ये वसणं, शून्यापासून सुरू होते. अमोनियम क्लोराइड (जिवाणूंना अमोनिया पुरवायला) आणि बाटलीतले जिवाणू घालूनही साधारण ४ ते ८ आठवडे धरावेत. त्यानंतर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतात, ते ठीकच. खरी डोकेदुखी डायनोफ्लॅजेलेट्स या चिकट, तपकिरी थर करणाऱ्या सूक्ष्म जीवांची. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की नव्या, ओक्याबोक्या दगडावर त्यांचंच राज्य.

म्हणून आमचा कौल मिश्रणाला: तीन भाग ड्राय, एक भाग चांगला क्युअर्ड. १०० लिटरच्या टँकला एकूण ८ ते १० किलो दगड, त्यात २ ते २.५ किलो लाइव्ह. गॅलनला एक पौंड हा जुना हिशेब १०० लिटरला सुमारे १२ किलो सांगतो, पण दगड सच्छिद्र असेल तर इतका लागत नाही. सारख्या आकाराच्या दोन तुकड्यांतला हलका घ्यावा; त्यात छिद्रं जास्त.

दगड आणण्याआधी पाणी तयार हवं. शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) आरओडीआय, म्हणजे आरओ आणि डीआयनायझेशनने शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम सॉल्ट मिक्स, पंप सुरू ठेवून हळूहळू घालायचं. मीठ पाण्यात घालावं, मिठावर पाणी ओतू नये; नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन खाली बसतो आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) घसरते. तापमान २५ अंश, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी साधारण १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर कॅलिब्रेट करा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर वरच्या टोकाला चुकू शकतो. पुढे बाष्पीभवनाने पातळी उतरली की गोडं पाणीच भरायचं, कारण मीठ उडून जात नाही.

दगड आधी थेट तळाच्या काचेवर बसवावा, मग भोवती वाळू. उलट केलं तर गोबी मासे किंवा पिस्टल श्रिम्प ही कोळंबी खालची वाळू उपसतात आणि ढीग काचेवर कोसळतो. सांधे जेल सुपरग्लू आणि इपॉक्सी पुटीने पक्के करा. मागच्या काचेपासून हात आणि काच पुसायचं मॅग्नेट जाईल एवढी जागा सोडा. पॉवरहेडचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) एकूण प्रवाह तासाला टँकच्या २० पट असावा. कोपऱ्यात गाळ साचताना दिसला तर दिशा बदला.

लाइव्ह रॉकबरोबर बिनबोलावलेले पाहुणे येतात. ब्रिसल वर्म (काटेरी केसांचा किडा) बहुतेक उपयोगी, फक्त उघड्या हाताने धरू नका. रात्री टँकमधून टकटक आवाज येत असेल तर शिकारी मँटिस श्रिम्पचा संशय घ्या. (पिस्टल श्रिम्पही असाच आवाज करतो, म्हणून लगेच दगड उपसायला घेऊ नका.) ऐप्टेशिया, म्हणजे पारदर्शक तपकिरी, लांब शुंडकांचं छोटं अ‍ॅनिमोन, चिरडू किंवा खरवडू नये, उरलेल्या कणातून नवं उगवतं. त्याच्या तोंडावर काल्कवासरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) घट्ट पेस्ट सोडावी, पंप काही मिनिटं बंद ठेवून. आणि कीड मारायला दगड कधीही उकळू नका. त्यावर पॅलिथोआ (प्रवाळाचा नातलग असलेला मऊ जीव) असेल तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे जहाल विष पसरू शकतं आणि घरातल्या सगळ्यांना दवाखाना गाठावा लागू शकतो.

क्युअर्ड रॉक चांगला असेल तर अमोनिया कदाचित दिसणारही नाही. तरी मासा सोडण्याआधी परीक्षा घ्याच: अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत २ भाग) न्या. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले तर सायकल पूर्ण. नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेट किट आकडा फुगवून दाखवतं, तेव्हा त्या वाचनावर विसंबू नका. तोवर दिवे बंद. मग २० ते ३० टक्के पाणी बदलून एक-दोन क्वारंटाइन केलेले मासे, पुढचे काही आठवड्यांनी.

माशांना पांढरे ठिपके आले तर उपचार वेगळ्या टँकमध्येच. कॉपरची औषधं दगडात आणि वाळूत मुरतात, मग कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तिथे जगणं कठीण होतं. सेकंडहँड लाइव्ह रॉक घेताना त्या टँकमध्ये कधी कॉपर वापरलं होतं का, हे वास घेण्याच्याही आधी विचारा.