डीएससीची फाइल पायथॉनमध्ये वाचायची आहे: पेम, डेर की पीएफएक्स?

रत्नागिरी-देवगडचे आंबा निर्यातदार किंवा वेंगुर्ल्याचे काजू कारखानदार यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिताना एक मागणी हमखास येते: डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची (डीएससीची) मुदत संपण्याआधी आठवण हवी. ऐन एप्रिलात सही बंद पडली तर पेट्या भरून तयार आणि कागद अडकलेले. पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत पेम (अक्षरांत लिहिलेलं प्रमाणपत्र), डेर (तेच बायनरी रूपात) आणि पीएफएक्स (प्रमाणपत्राचा पासवर्ड लावलेला गठ्ठा) यांसाठी वेगवेगळी फंक्शन्स आहेत. चुकीचं निवडलं की 'व्हॅल्यू एरर'.

फाइलच्या नावावर विसंबू नका. विंडोज 'सीईआर' या एकाच एक्स्टेन्शनने डेरही देतं आणि बेस-६४ पेमही. पहिले बाइट बघा. पेम असेल तर पाच आडव्या रेघा आणि 'बिगिन सर्टिफिकेट' दिसेल. डेर असेल तर हेक्समध्ये बहुधा ३० ८२ दिसेल. पण पीएफएक्सची सुरुवातही तशीच असते, त्यामुळे तेवढ्यावरून डेर ठरवू नका.

पेम आणि डेर दोन्हींतला मजकूर एकच. १,५०० बाइटचं डेर पेममध्ये दोन हजारांच्या वर जातं, कारण बेस-६४ दर तीन बाइटांची चार अक्षरं करतं. डेटाबेसच्या बायनरी रकान्यात ठेवायला डेर सुटसुटीत. पण त्याच्या शेवटी एक जरी जादा बाइट चिकटला, उदाहरणार्थ टेक्स्ट एडिटरने घातलेली नवी ओळ, तर वाचन फसतं.

देवाणघेवाणीसाठी आम्ही पेमच सुचवू, कारण ते ईमेलमध्ये चिकटवता येतं आणि काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं. मात्र ते फाइल म्हणूनच मागवा. फोनवर मजकूर चिकटवताना रेघा जोडून लांब डॅश झाला की लायब्ररीला सुरुवातच सापडत नाही. नोटपॅडमधून यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह केलं तरी तेच. एका फाइलमध्ये पूर्ण साखळी (आपलं प्रमाणपत्र आणि ते देणाऱ्यांची प्रमाणपत्रं) असेल तर एकवचनी फंक्शन (load_pem_x509_certificate) फक्त पहिलं प्रमाणपत्र देतं. सगळी हवी असतील तर अनेकवचनी फंक्शन (load_pem_x509_certificates) वापरा, ते ३९व्या आवृत्तीपासून आहे. पेम असो वा डेर, फाइल बायनरी मोडमध्येच उघडा.

पीएफएक्समध्ये सहसा खाजगी किल्लीही असते. मुदत बघण्यासाठी ती ग्राहकाकडे मागूच नका. ती देणं म्हणजे सहीचा अधिकारच हातात देणं. यूएसबी टोकनमधली किल्ली तशीही बाहेर काढता येत नाही, टोकनमधून सीईआर मात्र निघते. स्वतःच्या सर्व्हरसाठी पीएफएक्स वाचायची असेल तर पासवर्डही बाइट्समध्ये द्या. पासवर्ड चुकला काय किंवा फाइल खराब झाली काय, एररचा संदेश एकच येतो, म्हणून आधी पासवर्ड तपासा.

मुदतीसाठी ४२व्या आवृत्तीपासून आलेला यूटीसीवाला गुणधर्म (not_valid_after_utc) वापरा आणि भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. फाइल लोड झाली म्हणजे प्रमाणपत्र खरं आहे असं नाही. सहीची साखळी लायब्ररी त्या वेळी तपासत नाही, ती पडताळणी वेगळी लिहावी लागते.