संक्रांतीच्या वाणाला छोटी पिनकुशन: झाकण, बांगडी की कवठ?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. चाळीस-पन्नास जणी सहज येतात. मी शिवणकाम करते, त्यामुळे वाण म्हणून टाचण्या-सुया टोचायची इवलीशी उशी, म्हणजे पिनकुशन देते. सगळं सामान घरातल्या फेकण्यातलं. यंदा बचत गटातल्या दोघी-तिघींना तीच करायची आहे आणि कशात करू, आत काय भरू, असं त्या विचारताहेत.

बहुतेक जणी आधी डबी-झाकण शोधतात. मी म्हणेन, आधी भरण ठरवा. दिसायला कशीही झाली तरी उशी टिकते ती आतल्या भरणावर.

आपल्याकडे कापूस पहिला हाताशी येतो. वेचणीचे दिवस, घरात ढीग पडलेला. मीही पहिल्या वर्षी तोच भरला. उशा मऊ, पांढऱ्याशुभ्र झाल्या. पण कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो. आपल्या कोरड्या हिवाळ्यात ते कळत नाही, जुलै-ऑगस्टच्या झडीत कळतं. माझ्या सुया टोकाकडून गंजल्या आणि एका गिऱ्हाइकाच्या फिक्या ब्लाउजवर तांबूस डाग पडला. तो डाग काही निघाला नाही, मला नवं कापड आणून द्यावं लागलं. शिवाय सरकी नीट काढली नसेल तर सुई नेमकी तिथेच अडते. कापूसच भरायचा असेल तर कडक उन्हात वाळवून, दाबून दाबून भरा आणि पावसाळ्यात सुया त्यात ठेवू नका.

वाणासाठी माझी पसंती सागाच्या भुशाला. आरामशीनवर किंवा सुताराकडे मागितला तर पिशवीभर मिळतो. सागात स्वतःचं तेल असतं, सुई त्यात सरळ जाते आणि उशीला थोडं वजनही येतं. एवढ्याशा उशीला वजन लागतंच, नाहीतर टाचणी उपसताना उशीच हातात येते. भुसा चाळून घ्या, दोन दिवस ऊन दाखवा आणि चाळताना नाकाला पदर बांधा. बाभळीचा मात्र नको. त्यातल्या तुरट अंशाने लोखंड काळं पडतं. वरचं कापड घट्ट विणीचं हवं. ब्लाउज पीसचं टू बाय टू चांगलं, जुन्या लुगड्याचं विरविरीत कापड घेतलं तर भुसा गळत राहतो.

खरं तर केस भुशापेक्षाही सरस. विंचरताना गळालेले, तेलाचा हात असलेले केस आपण भिंतीच्या सांदीत खुपसून ठेवतो, भांडेवाली आली की देतो. त्या तेलामुळे सुया गंजत नाहीत. माझ्या मशीनवरची उशी केसांचीच आहे. पण सासूबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "केसाचं वाण नको देजो वं कोणाले." मला ते पटतं. सवाष्णीच्या ओटीत दुसरीचे केस जाऊ नयेत. केसांची उशी फक्त स्वतःपुरती.

आता कशात करायची ते. पाण्याच्या बाटलीचं झाकण सगळ्यात सोपं. लग्नसराईनंतर ढिगाने मिळतात. साधारण साडेतीन इंचांचा गोल कापायचा, कडेने धावदोरा घालून आवळायचा आणि भुसा ठासून झाकणात बसवायचा. साधा पांढरा गोंद प्लास्टिकला नीट धरत नाही, त्यासाठी प्लास्टिकला चालणारा घ्या. झाकण जेमतेम अर्धा इंच खोल असतं, त्यामुळे कापडाचा घुमट चांगला इंचभर वर आला पाहिजे, नाहीतर टाचणीचं टोक बुडाला ठेचतं. दहा-बारा टाचण्या राहतात. पन्नास नग करायचे असतील तर हेच करा.

बांगडीची उशी ज्या माप घेतात, फिटिंग करतात त्यांच्यासाठी. मनगटावर इलास्टिकने बांधता येते. २-४ ची बांगडी आतून सव्वादोन इंच, ती मनगटावर बोजड होते. मुलीची लहानपणची १-१२ ची, म्हणजे पावणेदोन इंचांची, बरोबर बसते. प्लास्टिकची किंवा धातूची घ्या, काचेची नको. बुडाला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लावतात, तो पुरत नाही. सुई आरपार जाऊन मनगटात शिरते. तेलाच्या कॅनचा जाड प्लास्टिकचा गोल कापून घाला. याला वेळ लागतो, म्हणून वाणाला नको, पण शिवणक्लासच्या मुलीला देण्यासारखी दुसरी वस्तू नाही.

काड्यापेटीची उशी मला पटली नाही. पुठ्ठा पावसात फुगतो.

आणि कवठ. सगळ्यांत देखणं तेच, जड बुडाचं, खरबरीत, हातात धरावंसं वाटणारं. फोडून चालत नाही, आडवं धरून हॅक्सॉच्या पात्याने गोल कापावं लागतं. गर पूर्ण खरवडला नाही तर मुंग्या लागतात आणि उन्हात वाळवलं तर तडा जाण्याची भीती, म्हणून सावलीतच वाळवा. लहान फळं निवडली तर उशी तळहातावर मावते. मात्र यंदाच्या वाणासाठी ते आता जमायचं नाही. कवठं घरात येतात महाशिवरात्रीला, तेव्हा चटणी केल्यावर कवच टाकू नका, पुढच्या संक्रांतीसाठी फडताळात ठेवून द्या.