बुकमेकर आणि बेटिंग एक्सचेंज: कमिशन नेमके कुठे कापले जाते?

पारंपरिक बुकमेकर, म्हणजे पैजा स्वीकारणारा व्यावसायिक, भाव स्वतः ठरवतो आणि आपले कमिशन त्या भावातच दडवतो. दोन्ही संघ तुल्यबळ असतील, तर न्याय्य भाव प्रत्येकी 2.00 (म्हणजे जिंकल्यास लावलेल्या एका रुपयाचे दोन रुपये परत) असायला हवा. बुकमेकर मात्र 1.91 देतो, म्हणजे भावांतून निघणाऱ्या (1 भागिले भाव) दोन्ही शक्यतांची बेरीज 100 ऐवजी सुमारे 104.7 टक्के होते आणि हा वरचा भाग त्याच्या पदरात पडतो. दोन्ही बाजूंना सारखा पैसा लागावा एवढ्यासाठीच भाव हलवले जातात, हा समज अर्धाच खरा आहे. जाणकार ग्राहकांचा कल पाहून बुकमेकर अनेकदा जाणूनबुजून एका बाजूची जोखीम पत्करतो, आणि सतत जिंकणाऱ्याची पैजेची मर्यादा (अर्थातच गाजावाजा न करता) घटवतो.

ब्रिटनमध्ये 2000 साली सुरू झालेल्या बेटफेअरसारख्या एक्सचेंजवर ग्राहकच एकमेकांविरुद्ध पैज लावतात आणि एक्सचेंज जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यातून कमिशन घेते. ते 5 टक्के धरले, तर 2.00 चा भाव प्रत्यक्षात 1.95 पडतो. हिशेबाने एक्सचेंज सरस ठरते, पण समोर पैसा लावणारा कोणी असेल तरच. फारशा न पाहिल्या जाणाऱ्या सामन्यांत असा प्रतिपक्ष सहसा मिळत नाही आणि तिथे बुकमेकरचा कमी भावच हाती उरतो.