ग्रॅम्प्स वेब: वंशावळ टॅबलेटवर हवी असेल तर

वंशावळीची माहिती आत्याकडे असते, मावशीकडे असते, चुलत आजोबांकडे असते, आणि ती निघते गप्पांच्या ओघात. अशा वेळी आपला सगळा डेटा घरच्या कॉम्प्युटरमध्ये अडकलेला असेल, तर चिठोऱ्यावर टिपून आणायचं आणि सवडीने भरायचं. तोवर निम्मे संदर्भ गळतात. म्हणून टॅबलेटवरचं कुठलंही वंशावळ ॲप मी दोन प्रश्नांवर जोखते: बसल्या जागी दुरुस्ती करता येते का, आणि ती मूळ डेटात परत जाते का?

मी वापरून पाहिलेल्या काही ॲप्सची गाडी पहिल्याच प्रश्नाला अडली. जेडकॉम फाइल (वंशावळीचा डेटा एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायचं सर्वमान्य स्वरूप) आत घ्या, झाड बघा, संपलं. त्यात अजूनही सर्रास चालणाऱ्या ५.५.१ आवृत्तीच्या जेडकॉममध्ये फोटो नसतातच. फोटो कॉम्प्युटरवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. फोनला तो फोल्डर कसा सापडणार? २०२१ साली आलेल्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट एकच झिप फाइल करायची सोय आहे, पण ती वाचता येणारं ॲप आधी मिळायला हवं.

शेवटी मी ग्रॅम्प्सवर स्थिरावले. मुळात हा कॉम्प्युटरवरचा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्राम. ग्रॅम्प्स वेब हा त्याचा जोडीदार टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये चालतो. मी तो होम स्क्रीनवर ठेवलाय, त्यामुळे एका टिचकीत उघडतो.

याची खरी किंमत मला एका जुन्या ग्रुप फोटोने पटवली. फोटोतल्या चेहऱ्यांभोवती चौकटी आखून प्रत्येक चौकट त्या त्या माणसाला जोडता येते. आत्याने टॅबलेट हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाली, "अगं, हा आमचा दादा नव्हे, हा त्याचा मावसभाऊ. दादाला इतके दाट केस कधी होते?" तिच्यासमोरच मी ती चौकट मावसभावाला जोडली, स्रोत म्हणून आत्याचं नाव टाकलं. जन्मसाल तिला नक्की आठवेना, तर तारखेला 'सुमारे' लावलं. ग्रॅम्प्समध्ये तारखेला 'च्या आधी', 'च्या नंतर' असंही लावता येतं. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण अंदाजाला अंदाज म्हणूनच नोंदवता येतं आणि पुढच्या पिढीला तो पुरावा वाटत नाही.

घरी आल्यावर कॉम्प्युटरवरच्या ग्रॅम्प्समध्ये सिंकचं ॲड-ऑन, म्हणजे दोन्हीकडचा डेटा जुळवणारी जोड, चालवायचं. ते आधी दोन्हीकडचे फरक दाखवतं आणि आपण होकार दिल्यावरच बदल करतं. फोटोंच्या फाइलीही जुळवून घेतं.

आता अडचणीचं. हे सगळं सर्व्हरवर बसवावं लागतं, आणि डॉकर (सर्व्हरवर प्रोग्राम बसवायचं एक साधन) हा शब्द ज्याने ऐकलेला नाही त्याला ते एकट्याने जमणं कठीण. मला भाच्याने बसवून दिलं. तसं कुणी हाताशी नसेल तर तयार होस्टिंग, म्हणजे दुसऱ्याने चालवलेल्या सर्व्हरवरची जागा, घ्यावं. इंटरनेटशिवाय काम होत नाही, म्हणून रेंज नसलेल्या ठिकाणी जाताना मी संबंधित शाखेची पीडीएफ सोबत नेते. फोनवर एकेका व्यक्तीचं पान छान वाचता येतं, पण झाडाचा तक्ता बघायला टॅबलेटच हवा.

नातेवाइकांना लॉगिन देताना भूमिका विचारपूर्वक ठरवा. पाहुणा म्हणून आलेल्याला खाजगी नोंदी दिसत नाहीत, सदस्याला दिसतात पण बदलता येत नाहीत, संपादकाला सगळं बदलता येतं. हयात माणसांच्या नोंदी मी सरसकट खाजगी ठेवते. त्यांच्या जन्मतारखा कुणाच्याही फोनवर फिरू नयेत, याबद्दल मी आग्रही आहे.

जुन्या प्रोग्राममधून डेटा आणणार असाल तर जेडकॉम काढताना अक्षरसंच म्हणून यूटीएफ-८ निवडा, त्यात देवनागरी बसते. जुन्या ॲन्सेल अक्षरसंचात देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे मराठीत भरलेली नावं हाती लागणार नाहीत. आणि बॅकअप ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या एक्सएमएल स्वरूपात घ्या, जेडकॉममध्ये नको, कारण ग्रॅम्प्समधल्या काही गोष्टी जेडकॉममध्ये मावत नाहीत.