पॉडमन: दिवाळी ते आषाढ, केळीच्या ऑफिसात

पॉडमन म्हणजे डॉकरसारखंच कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर; कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बंद केलेला वेगळा डबा. दिवाळीनंतर बसवलं, आता आषाढ लागलाय. आठ महिने होत आले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या, म्हणून थांबलो.

वापर कशासाठी, ते आधी सांगतो. चोपड्याला एका केळी व्यापाऱ्याकडे माझं हिशोबाचं सॉफ्टवेअर चालतं. काट्यावर गाडी आली की नवती (नव्या लागवडीची केळी) किती, पिलबाग (खोडव्याची) किती ते वेगळं लिहायचं, भाव टाकायचा, कपात करायची आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी, द्यायची. कंटेनर तीनच: एक प्रोग्रॅमचा, एक पोस्टग्रेस या डेटाबेसचा, एक रात्रीच्या बॅकअपचा. मशीन जुनं, 8 जीबी रॅमचं, टेबलाखाली ठेवलेलं. मी अमळनेरला, मध्ये तापी. त्यामुळे सगळा कारभार एसएसएचने, म्हणजे लांबून लॉगिन करून, काळ्या खिडकीतून, टाइप करून.

आधी तीन वर्षं हेच सगळं डॉकरवर होतं आणि नीट चालत होतं. मग बदललं कशाला? लायसन्ससाठी नाही. 2021 मध्ये जो गाजावाजा झाला तो डॉकर डेस्कटॉपचा होता, तोही 250 च्या वर माणसं किंवा एक कोटी डॉलरच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी. आमच्या आप्पांचा, म्हणजे त्या केळी व्यापाऱ्याचा, त्यात नंबर लागायला अजून बरीच केळी विकावी लागतील. लिनक्सवरचं डॉकर इंजिन तेव्हाही फुकट होतं, आजही आहे. माझी अडचण वेगळी होती. ऑफिसातल्या पोराला प्रोग्रॅम बंद-चालू करता यावा म्हणून मी त्याला डॉकरच्या ग्रुपमध्ये घातलं होतं. त्या ग्रुपमध्ये असणं म्हणजे जवळपास रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, असणंच: एका कमांडमध्ये अख्खी हार्डडिस्क कंटेनरमध्ये माउंट करून काहीही करता येतं. पोरगा सरळ आहे. पण मला हे कळल्यावर झोप लागेना.

पॉडमन साध्या युजरच्या नावाने चालतं, आणि त्याचा मुख्य मुद्दा म्हणजे मागे कायम बसलेला डीमन नाही. डॉकरमध्ये तुम्ही कमांड देता ती त्या डीमनला, आणि कंटेनर तो चालवतो. इथे पॉडमन कंटेनर सुरू करून देतं आणि मोकळं होतं. मागे प्रत्येक कंटेनरपाशी कॉनमॉन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम राखणीला राहतो, बस. कमांडी जवळपास त्याच. पीएस, लॉग्स, एक्झेक, स्टॅट्स, सगळं जसंच्या तसं. मी तर एलियास करून डॉकर असंच टाइप करत होतो, बोटांना फरक कळलाच नाही.

फरक कळला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

संध्याकाळी चोपड्याला बसून सगळं लावलं, दोन पट्ट्या छापून बघितल्या, लॅपटॉप मिटला, गाडीला किक मारून घरी. सकाळी सहाला फोन: "भाऊ, पट्टी निंघी नही राहिनी." अंथरुणातूनच एसएसएच केलं. पॉडमन पीएस मारलं तर तिन्ही कंटेनर चालू! मी म्हटलं, आप्पा, बघा पुन्हा. बघितलं, पट्टी निघाली. लॉगआउट केलं, चहा ठेवला, परत फोन. परत लॉगिन केलं, परत सगळं चालू. मास्तर वर्गात असेपर्यंत हाताची घडी आणि मास्तर बाहेर पडले की दंगा, तसला प्रकार. तीन फेऱ्या झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करतं ते सिस्टमडी, आणि साध्या युजरच्या सर्व्हिस ते त्या युजरच्या लॉगिनबरोबर उठवतं आणि शेवटचं सेशन संपलं की झोपवतं. मी तपासायला आत गेलो की माझ्या जाण्यानेच कंटेनर उठत होते. उपाय एका ओळीचा, लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर आणि पुढे युजरचं नाव. ही ओळ न वाचता पुढे गेलो, चूक माझी. पण नवा माणूस इथे हमखास पडतो.

सर्व्हिस लिहिण्यासाठी क्वाडलेट वापरतो. आठ-दहा ओळींची फाइल लिहायची, त्यावरून सिस्टमडीची सर्व्हिस आपोआप तयार होते. फार आवडलं. फक्त व्हर्जन बघून घ्या: क्वाडलेट पॉडमन 4.4 पासून आहे आणि डेबियन 12 मध्ये (डेबियन हे त्या मशीनवरचं लिनक्स) मिळतं 4.3. एका आकड्याने हुकलेलं! मी त्यात दोन संध्याकाळी घालवल्या, शेवटी मशीन डेबियन 13 वर नेलं. तिथे 5.4 आहे.

आता लाइटीचं. आपल्याकडे लाइट जाणं ही काही बातमी नाही, आणि मे महिन्यात इन्व्हर्टरही हात टेकतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुपारी तसंच झालं. लाइट आली, मशीन आपोआप उठलं, पोस्टग्रेस उठलं, प्रोग्रॅम मात्र आडवाच. पोस्टग्रेस आधी सुरू कर, हे मी फाइलमध्ये लिहिलं होतं. पण सुरू होणं आणि कामाला तयार होणं यात फरक आहे. अचानक बंद पडलेला डेटाबेस उठल्यावर आधी आपलं आवरतो, तोवर प्रोग्रॅम दार वाजवून वाजवून पडत होता. सिस्टमडी त्याला उचलत होतं, पण 10 सेकंदांत 5 वेळा पडला की ते नाद सोडतं, तसा त्याचा ठरलेला नियम आहे. दोन प्रयत्नांत 10 सेकंदांचं अंतर ठेवलं, तेव्हापासून हा त्रास नाही. मधल्या काळात लाइट किती वेळा गेली ते मोजलं नाही. फोन एकदाही आला नाही.

तारखेचा घोळ याहून मजेशीर होता. कंटेनरचं घड्याळ मुळात यूटीसीवर चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसभर कुणाच्या लक्षात येत नाही, तारीख तीच असते. पण उन्हाळ्यात कटाई अंधारातच सुरू होते, आणि पहाटे साडेपाचच्या आत काट्यावर आलेली गाडी कालच्या तारखेत जायला लागली. काल भाव वेगळा, आज वेगळा. एका शेतकऱ्याने पट्टी टेबलावर ठेवून बोट दाखवलं तेव्हा कळलं. क्वाडलेटमध्ये टाइमझोन लोकल लिहिलं, तरी अर्धंच काम झालं. पोस्टग्रेसची स्वतःची टाइमझोनची सेटिंग वेगळी, तीही आशिया/कोलकाता केली. हा दोष पॉडमनचा नाही, डॉकरवरही हेच झालं असतं. तिथे मी सेटिंग कधीतरी केली होती आणि नव्या मशीनवर विसरलो, इतकंच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते फाइलींच्या मालकीने. बॅकअपच्या फोल्डरमध्ये एलएस मारून फाइलींची यादी बघितली तर पोस्टग्रेसच्या फाइलींचा मालक 100998. हा कोण? कंटेनरच्या आत पोस्टग्रेसचा युजर नंबर 999. बाहेर तो तसाच दिसू नये म्हणून तुमच्या युजरला 65,536 नंबरांचा एक गठ्ठा दिलेला असतो, माझा 100000 पासून सुरू होतो, आणि आतला 1 म्हणजे बाहेरचा 100000. हिशोब करा, 999 म्हणजे 100998. सुरक्षेसाठी हेच तर हवं होतं, पण पेनड्राइव्हवर कॉपी करताना परवानगी नाही, परवानगी नाही. पॉडमन अनशेअर ही कमांड लक्षात ठेवा. ती पुढे लावली की तुम्ही आतल्या नंबरांच्या जगात जाता आणि कॉपी, डिलीट सगळं होतं. सूडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, मालकच बदलून टाकू नका. मी टाकला, आणि पोस्टग्रेसने उठायला नकार दिला.

इमेजचं, म्हणजे ज्यावरून कंटेनर बनतो त्या साच्याचं, नाव पूर्ण लिहा, डॉकर डॉट आयओपासून. नुसतं पोस्टग्रेस लिहिलं की कुठलं, ते त्याला कळेलच असं नाही. मी तर बऱ्याचदा इमेज घरीच तयार करून पॉडमन सेव्हने फाइल बनवतो, पेनड्राइव्हवर घालून नेतो आणि तिथे लोड करतो. तिथलं इंटरनेट बघता मोटरसायकल जास्त वेगवान आहे.

कंपोजच्या फाइली (एकाच फाइलीत बरेच कंटेनर लिहून एकदम चालवायची पद्धत) असतील तर पॉडमन कंपोज आहे, पण ते स्वतः काही करत नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमला काम देतं. माझे तीनच कंटेनर, मला गरज पडली नाही. तुमच्याकडे पंधरा-वीस कंटेनरची कंपोज फाइल नीट चालत असेल तर डॉकर सोडायची घाई करू नका. सिस्टमडीची ओळख नसेल तरीही नको, कारण इथे निम्मं काम त्याचंच आहे. एखाद्या टेबलाखालचं, कुणी लक्ष न देणारं, लाइटीबरोबर पडणारं-उठणारं मशीन असेल, तर मात्र मी पुन्हा हेच बसवीन. अमळनेरच्या एका डाळमिलवाल्याने विचारलंय, तिथे लिंगरची ओळ सगळ्यात आधी टाइप करणार.

नवीन व्हर्जनचं मात्र सध्या नाव काढायचं नाही. काट्यावर गाड्यांची रांग आहे, आणि आप्पांनी बजावलंय: गर्दी सरेपर्यंत त्या डब्ब्याला हात लावायचा नाही.