आधी पाठ बघा, मग तोंड

दुकानाला नाव नाही, त्यामुळे इथे नुसती खूण सांगते. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालात की तासाभरात डेलावेअर नदीकाठचं लॅम्बर्टविल येतं. त्या बाजूला रविवारी जो जुना बाजार भरतो, त्यात उघड्यावरच्या टेबलांची शेवटची रांग. तिथे ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा घडीची दोन टेबलं मांडून बसतात. टेबलांवर काचेच्या झाकणाच्या उथळ पेट्या, पेट्यांत कापूस आणि कापसावर बिल्ले. पाचशे तरी असतील. नाणी नाहीत, घड्याळं नाहीत, चिनी मातीच्या बरण्या नाहीत. फक्त बिल्ले, बहुतेक अमेरिकेतल्या निवडणूक प्रचाराचे.

इथली मंडळी त्याला पिनबॅक बटण म्हणतात. मला बटण म्हटलं की शर्टाचं तुटलेलं बटण आठवतं, त्यामुळे मी बिल्लाच म्हणणार. शिवाय माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांचा पितळी बिल्ला आई चिंचेने घासून लख्ख ठेवायची आणि आमच्या घरात तो शब्दसुद्धा जरा अदबीनेच उच्चारला जायचा. निवडणूक आली की अलिबागला दुसरे बिल्ले यायचे. शेकापचा खटारा, काँग्रेसचं गाय-वासरू. मी दोन्ही एकाच फ्रॉकवर टोचून गावभर हिंडायचे. शेजारचे काका विचारायचे, "काय गं, युती झाली वाटतं?" त्यातला एकही आता माझ्याकडे नाही. वडिलांचा मात्र आहे.

तर या आजोबांकडे मी पहिल्यांदा गेले ती विकत घ्यायला नव्हे, मिरवायला. कुठल्याशा ऑनलाइन विक्रेत्याकडून मी चाळीस डॉलरला विल्यम मॅकिन्लीचा बिल्ला घेतला होता, ते जिंकले त्या १८९६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा म्हणून. पर्समधून काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी मॅकिन्लीच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. लगेच उलटा केला, कड नखाने चाचपली, भिंग लावलं आणि म्हणाले, "बाई, हा तुमच्या माझ्या डोळ्यांदेखत जन्मलाय."

मग भिंग माझ्याकडे दिलं. पत्र्याची जी कड आत वळते तिच्यावर बारीक अक्षरं होती. कुणीतरी खरवडून काढायचा प्रयत्न केलेला, तरी ७ आणि २ स्पष्ट दिसत होते. १९७२ साली एका तेल कंपनीने गिऱ्हाइकांसाठी जुन्या प्रचार-बिल्ल्यांच्या नकलांचा संच काढला होता, त्यातला हा. नक्कल विकणं गुन्हा नव्हताच, खोडून विकणं ही लबाडी. असल्या नकलांचा सुळसुळाट झाल्यावर १९७३ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला, की राजकीय वस्तूची नक्कल केलीत तर ती कोणत्या साली बनवली ते त्यावर न पुसलं जाईल असं छापा.

"पण अक्षरं नसती तरी मी सांगितलं असतं," आजोबा म्हणाले. कसं, तर माझ्या बिल्ल्यावरचं चित्र थेट पत्र्यावर छापलेलं होतं. प्रचाराच्या बिल्ल्यांत ही पद्धत रुळली ती १९२० च्या आसपास. १८९६ चा अस्सल बिल्ला पत्र्यावर छापलेला असूच शकत नाही, तो सेल्युलॉइडचाच, म्हणजे वर एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचा पापुद्रा असलेलाच असणार. मला चाळीस डॉलरचा चुना लागला होता, पण जे शिकले त्याची फी म्हणून ते फार नव्हते.

त्यांची खरी मजा पुढे आहे. टेबलाखाली एका डब्यात ते फुटके बिल्ले ठेवतात, दाखवायला. त्यातला एक त्यांनी बारीक पेचकसाने माझ्यासमोर उकलला. आत काय असतं? पत्र्याची गोल टोपी. तिच्यावर छापील कागदाची चकती. तिच्यावर पारदर्शक सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा. कागद आणि पापुद्रा दोन्ही टोपीच्या कडेवरून मागे वळवायचे आणि मागून एक पत्र्याची कडी दाबून बसवायची, की सगळं एकमेकांत घट्ट अडकतं. करंजीची कड मुरडतात ना, अगदी तसं. त्या कडीच्या आत तारेची टाचणी, स्वतःच्याच ताणाने अडकून राहिलेली. डिंक नाही, खिळा नाही, झाळकाम नाही. सव्वाशे वर्षं झाली तरी बहुतेक अजून सुटलेले नाहीत.

सुट्या पापुद्र्याचा एक तुकडा त्यांनी अंगठ्यावर जोरजोरात घासला आणि माझ्या नाकाशी धरला. कापूर! अगदी आमच्या देवघरातला. सेल्युलॉइड बनतं ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिसळून, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आम्ही हा रोज आरतीला जाळतो. तर म्हणाले, "हेही तसंच पेटतं, म्हणून माझ्या टेबलाजवळ सिगारेट ओढू देत नाही."

न्यू जर्सीतले आपण सगळे न्यूअर्क ओळखतो ते विमानतळामुळे. सासूबाईंना आणायला जायचं, लोणच्याची बरणी फुटली नाही ना बघायचं आणि परत यायचं. पण हा सगळा बिल्ल्यांचा पसारा उभा राहिला तो त्याच न्यूअर्कमध्ये. सेल्युलॉइडवाल्या जॉन वेस्ली हायट यांनी आपला कारखाना १८७२-७३ च्या सुमाराला ऑल्बनीहून तिथे हलवला. माल दारात होता. १८९२ मध्ये बेंजामिन व्हाइटहेड आणि चेस्टर होग यांनी तिथेच कंपनी काढली आणि या बांधणीची पेटंटं हाताशी घेऊन १८९६ च्या निवडणुकीत देशभर बिल्ले ओतले. त्याआधी काय होतं? जॉर्ज वॉशिंग्टनच्या वेळी कोटाला शिवायची धातूची बटणं होती, लिंकनच्या वेळी धातूच्या चौकटीतले चिमुकले फोटो होते. पण रंगीत, स्वस्त आणि हमालापासून बँकवाल्यापर्यंत कुणीही छातीवर लावावं असं काही आलं ते १८९६ मध्येच. सिगारेटच्या पाकिटाबरोबर, च्युइंग गमबरोबरसुद्धा बिल्ले फुकट मिळायला लागले.

आणि ती निवडणूकही कशावरून पेटली होती, तर सोनं की चांदी. मॅकिन्लींच्या विरोधातले डेमोक्रॅट उमेदवार ब्रायन म्हणत होते, सोळा भार चांदी म्हणजे एक भार सोनं, या दराने चांदीची नाणी मोकळेपणी पाडा. बाजारात पैसा वाढेल, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला श्वास घेता येईल. मॅकिन्ली म्हणत होते सोनंच. आजोबांकडे एक बिल्ला आहे, त्यावर ना फोटो ना नाव, फक्त 'सोळास एक'. ज्याला कळायचं त्याला कळायचं. शेजारी सोन्याचांदीचे पंख फुटलेले पत्र्याचे भुंगे आहेत. सोनेरी भुंगा लावला तर मॅकिन्लीवाला, रुपेरी लावला तर ब्रायनवाला. खटारा आणि गाय-वासरू एकाच फ्रॉकवर लावणाऱ्या मुलीचं तिथे काय झालं असतं कोण जाणे.

पाठ बघायला शिकवताना ते आणखी एक गंमत सांगतात. जुन्या सेल्युलॉइड बिल्ल्याच्या पाठीत गोल कागद घातलेला असतो, त्यावर कंपनीचं नाव आणि १८९६ मधल्या पेटंटच्या तारखा. नवशिके तेवढं वाचून नाचायला लागतात. पण ती तारीख पेटंटची, बिल्ल्याची नव्हे. तसाच कागद पुढे वर्षानुवर्षं लावत होते. मिठाईच्या दुकानावर 'स्थापना १९२५' लिहिलेलं असतं म्हणून आतली बाकरवडी काही तेव्हाची नसते.

मी तिथे घेतलेली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे स्त्रियांच्या मताधिकाराचा बिल्ला. एकशे दहा डॉलर. मुलगा म्हणाला, "आई, एवढ्याशाला?" आहेच एवढासा, ब्लाउजच्या हुकाच्या पट्टीवरही बसेल. पिवळ्या रंगावर 'स्त्रियांना मत' आणि सहा चांदण्या. मी म्हटलं, छान नक्षी आहे. आजोबा म्हणाले, "नक्षी नाही, मोजा." ज्या राज्यांनी बायकांना पूर्ण मताधिकार दिला त्यांची ती मोजदाद. आधी चार होती: वायोमिंग, कोलोराडो, युटा, आयडाहो. १९१० मध्ये वॉशिंग्टन आलं, १९११ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्निया. झाल्या सहा. १९१२ च्या नोव्हेंबरात आणखी तीन राज्यं आली, म्हणजे सहा चांदण्या जुन्या झाल्या. साल न छापताही हा बिल्ला आपली जन्मवेळ सांगतो, तेरा महिन्यांच्या आत. देशभर हक्क मिळायला १९२० उजाडलं. मी तो रात्री टेबललॅम्पखाली बघत बसले. डावीकडच्या चांदणीच्या टोकाला सेल्युलॉइडला केसाएवढी चीर आहे आणि टाचणीचं टोक किंचित वाकलंय. कुणीतरी तो जाड कापडातून जोर लावून टोचला असणार, कदाचित थंडीच्या कोटातून.

इथे माझीच एक चूक सांगून टाकते. पहिल्या महिन्यात घेतलेला एक बिल्ला मी ओल्या फडक्याने पुसला. आपल्याकडे कुठलीही वस्तू घरात आली की आधी पुसायची, हात थांबतच नाही. तीन महिन्यांत कागदावर कडेपासून तपकिरी डाग चढला. पाणी कडेतून आत शिरतं, आतला पत्रा गंजतो आणि गंज कागदात उतरतो. काही उपाय नाही. कोरडं मऊ कापड, बस.

बरोबर कुणी कंटाळणारं असेल तर तेही रमतं. माझा अकरावीतला मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. आजोबांनी न बोलता एक सोनेरी बिल्ला त्याच्यापुढे सरकवला. त्यावर फक्त रसायनशास्त्रातली अक्षरं, सोन्याची खूण आणि तिला चिकटून पाण्याची. दोन सेकंदांत हा ओरडला, "गोल्डवॉटर!" १९६४ मध्ये जॉन्सनविरुद्ध उभे राहून दणकून हरलेले बॅरी गोल्डवॉटर. पाच डॉलर त्याने स्वतःच्या खिशातून दिले, ही घटना आमच्या घरात ऐतिहासिक आहे.

आता तक्रारी. आजोबा रोखीच घेतात. कार्ड नाही, फोनवरून पैसे नाहीत, आणि पन्नासची नोट दिली तर चेहरा पडतो. निम्म्या बिल्ल्यांवर किंमत लिहिलेली नाही, विचारावी लागते, आणि विचारली की गोष्ट ऐकावी लागते. घाईत असाल तर जाऊ नका. पूर्वेकडच्या टोकाची पेटी सकाळभर उन्हात असते, त्यातले लाल रंग गुलाबी होऊ लागलेत. हे मी त्यांना दोनदा सांगितलं, दोनदा हसले. अकराच्या पुढे गेलात तर ते आवराआवर करत असतात. मी सातच्या आत पोचते, तेव्हा गवतावर दव असतं आणि लोक टॉर्च घेऊन फिरत असतात.

भाव मात्र रास्त. आयझेनहॉवरचा 'आय लाइक आइक' (आइक हे त्यांचं टोपणनाव) पत्र्याचा तीन-चार डॉलरला मिळतो, कारण १९५२ च्या निवडणुकीत ते प्रचंड संख्येने निघाले. १९४० मध्ये रूझवेल्टविरुद्ध उभे राहिलेल्या विल्कीचे, नुसत्या शब्दांचे बिल्ले पाच ते दहा. त्यांत रूझवेल्टच्या तिसऱ्या खेपेवर इतके टोमणे आहेत की आपल्या शेजारपाजारच्या बायकांनी लिहिलेत असं वाटावं. एकावर तर 'आम्हाला एलिनॉरही नको' म्हणून बिचाऱ्या बायकोलाही ओढलंय. मॅकिन्लीचा साधा अस्सल बिल्ला मला शेवटी इथेच मिळाला, अठरा डॉलरला. म्हणजे नकलेच्या निम्म्याहून कमी. घासाघीस होते, पण थोडी. तीन घेतलेत तर स्वतःहूनच काहीतरी कमी करतात.

माझ्या बाजूने पाचपैकी साडेचार. अर्धा त्या उन्हातल्या पेटीचा कापला.

सुरुवात करायची असेल तर साधे, स्वस्त, पत्र्याचे घ्या आणि त्यांना उलटे करून दाखवायला सांगा. ते खूश होतात. मागच्या रविवारी मी वडिलांचा बिल्ला बरोबर नेला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी पाठ बघितली, चिंचेने झिजलेले आकडे बोटाने चाचपले आणि विचारलं, "विकायचाय?" मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "बरं झालं, याची किंमत मला सांगता आली नसती."

एक विनंती. मधल्या पेटीत वरच्या ओळीत १९०० सालचा मॅकिन्लीचा एक बिल्ला आहे, त्यावर कामगाराचा जेवणाचा डबा काढलाय. 'आणखी चार वर्षं भरलेला डबा' ही त्यांची त्या वर्षीची घोषणा. तो मी पगार झाला की घेणार आहे आणि आजोबा कुणासाठी काही बाजूला ठेवत नाहीत. तेवढा सोडून काहीही उचला.