दोन्ही काटे सारखे

एप्रिलमध्ये सोलापुरात भर दुपारी एसीशिवाय गाडी चालवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आईला घेऊन अक्कलकोटला निघालो होतो, कुंभारी येईपर्यंत जाळीतून नुसती गरम हवा. आई बिचारी काही बोलली नाही, पण पदरानं वारा घेत बसली.

दुसऱ्या दिवशी शहरातल्याच एका गॅरेजात गेलो. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "गॅस संपलाय मालक." अर्ध्या तासात गॅस भरला, १,८०० रुपये. गाडी गार. मी खूश.

खरं तर तिथंच माझी अक्कल चालायला हवी होती. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. हे मला कळलं, पण १६,३०० रुपये घालवल्यावर.

बारा दिवसांनी पुन्हा गरम हवा. या वेळी मिस्त्रीनं गॅसचं प्रेशर मोजायचं, लाल आणि निळ्या नळीचं गेज लावलं, मला जवळ बोलावलं. "बघा, दोन्ही काटे सारखे. कॉम्प्रेसर प्रेशरच बनवंना. नवा घ्याल तर बावीस हजार, रिकंडिशन १४,५०० मध्ये बसवतो, गॅससकट." कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप. काटे खरंच सारखे होते. डोळ्यांनी बघितलं म्हटल्यावर शंका कशाची घ्यायची? "तीन तास लागतील, तुम्ही जाऊन या," म्हणाला. मी गेलो. जुना कॉम्प्रेसर मागितला नाही, पक्कं बिलही नाही. कॅलेंडरच्या पानामागं आकडा लिहून दिला, तेवढंच.

गाडी तीन आठवडे गार राहिली.

मग मेहुण्यानं जुना पूना नाक्याकडच्या त्याच्या ओळखीच्या माणसाकडं नेलं. त्यानं गेज लावलं, इंजिन बंदच ठेवलं आणि विचारलं, "असेच दाखवले का काटे?" अगदी तसेच, सारखे! मग गाडी सुरू करून एसी चालू केला. गॅस थोडाच उरला होता, तरी लाल काटा वर सरकला, निळा खाली आला. एसी बंद असला की कुठल्याही गाडीचे दोन्ही काटे सारखेच दिसणार. मला आकडे दाखवताना पहिल्या मिस्त्रीनं एसीचं बटण दाबलंच नव्हतं, आणि मी काट्यांकडं बघत होतो, बटणाकडं नाही.

पुढचं जास्त लागलं. टॉर्च मारून मेहुण्याच्या माणसानं कॉम्प्रेसरचे बोल्ट दाखवले. कंपनीतून बोल्ट आवळून झाल्यावर मारलेली पिवळ्या रंगाची रेघ बोल्टवरून खालच्या धातूवर तशीच अखंड होती. पाना कधी लागलाच नव्हता. कॉम्प्रेसर फक्त डिझेलनं धुऊन चकाचक केलेला.

गळती कंडेन्सरला, म्हणजे गॅस गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीला होती. रेडिएटरच्या पुढं असतो तो, त्यावर रस्त्यावरचा खडा बसलेला. तिथं तेलकट धुळीचा रुपयाएवढा डाग होता, कारण गॅसबरोबर आतलं तेलही बाहेर येतं. कंडेन्सर बदलला, अर्धा तास व्हॅक्यूम मारून, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून, गेजचा काटा हलत नाही ना, म्हणजे गळती उरली नाही ना, ते मला उभं करून दाखवलं आणि मग वजनकाट्यावर मोजून ४३० ग्रॅम गॅस भरला. बॉनेटखालच्या स्टिकरवर हाच आकडा होता. आठ वर्षं गाडी वापरतोय, तो स्टिकर मी कधी वाचला नव्हता. जास्त भरला तरी प्रेशर वाढून गारवा कमीच होतो म्हणे.

बोल्टचे फोटो घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. मालक शांतपणे म्हणाला, "ते पोरगं सोडून गेलं. बिल आहे का?"

मी खिशातून कॅलेंडरचं पान काढलं. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना गाडीचा नंबर. नुसतं १४,५००, आणि मागं एकादशी.